सात मेव्यांचा नवरोज

अफगाणिस्तान म्हटलं की आपल्याला बंदूक आठवते, नाहीतर सुकामेवा. यातला सुकामेवा धरून गेलं, तर तिथलं घर जास्त लवकर कळतं.

२१ मार्चच्या सुमारास तिथे नवरोज, म्हणजे नव्या वर्षाचा पहिला दिवस. आपल्याकडचे पारशीही तेव्हाच जमशेदी नवरोज करतात. इराणात ‘स’ने सुरू होणारे सात जिन्नस मांडतात, अफगाणांचा सगळा भर खाण्यावर. त्यांचा ‘हफ्त मेवा’ (सात मेवे) म्हणजे काळे-हिरवे मनुके, जर्दाळू, बदाम, अक्रोड, पिस्ते आणि सेंजेद नावाचं पिठूळ गराचं फळ. घरोघरी यादी थोडी बदलते. सगळं धुऊन दोन दिवस पाण्यात भिजत घालतात. साखर अजिबात नाही. मनुक्या-जर्दाळूंचा गोडवा उतरून पाण्याचाच पाक होतो. वेळखाऊ काम एकच, भिजलेल्या बदाम-अक्रोडांची सालं काढणं. अक्रोडाचं साल राहिलं तर पाक कडवट होतो. आल्यागेल्याच्या हाती पहिली वाटी याचीच.

दुसरा पदार्थ समनक. कुरडयांसाठी आपण गहू भिजवून चीक काढतो तसाच, पण इथे गव्हाला आधी कोंब येऊ देतात. तो रस पिठाबरोबर मोठ्या कढईत रात्रभर घोटायचा. यातही साखर नसते. मोडांमुळे पिठातल्या स्टार्चचीच साखर होते. हे काम बायकांचं. आळीपाळीने ढवळायचं, गाणी म्हणायची, मनात इच्छा धरायची. वाङ्‌निश्चय झालेल्या मुलीकडे सासरहून ‘नवरोजी’ येते: कपडे, तळलेले मासे आणि जिलबी. मासे-जिलबी ही जोडी ऐकायला विचित्र वाटते, पण काबूलमध्ये ती बाजारातही एकत्रच मिळते.

मजार-ए-शरीफच्या निळ्या दर्ग्यात या दिवशी ‘जंडा बाला’ होई. उंच ध्वज उभारायचा. तो न अडखळता चढला तर वर्ष चांगलं. पुढे चाळीस दिवस लाल ट्यूलिपची जत्रा चाले.

तालिबानने १९९६ ते २००१ या पहिल्या राजवटीत नवरोज इस्लामबाह्य ठरवून बंद पाडला. २०२१ मध्ये ते परतले आणि २०२२ पासून सरकारी सुट्टीही गेली. सण मग मैदानातून घरात आला. मेवा भिजवायला परवानगी लागत नाही.

येत्या मार्चमध्ये करून बघा. सेंजेद इथे सहसा मिळत नाही, त्याऐवजी अंजीर घाला. साखर मात्र घालू नका.