टेकडीवर पळताय? आधी उतार शिका

आपल्या भागात पळणे म्हणजे भरती. मुरुडहून लातूरकडे आणि बार्शीकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर पहाटे पाचला पोरांचे घोळके पळताना दिसतात. अलीकडे त्यांत मुलीही असतात, याचा मला फार आनंद वाटतो. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर, तेही घड्याळ लावून. पुण्यात मात्र गेल्या काही वर्षांत पळण्याचे दुसरेच वेड वाढले आहे. तिकडे शिकायला, नोकरीला गेलेली आपली मुले दिवाळीला गावी आली की सांगतात, ‘काका, आम्ही टेकडीवर पळतो.’ रस्त्यावर नाही, मैदानावर नाही, तर दगडधोंड्यांच्या पायवाटेने, चढत-उतरत. याला ट्रेल रनिंग म्हणतात.

या दोन्ही प्रकारचे धावणारे मला दवाखान्यात भेटतात. भरतीचा मुलगा येतो तो नडगी धरून. ‘डॉक्टर, पळालो की नडगी लई दुखायलीय.’ पुण्याचा येतो तो जिना उलटा उतरत, कारण मांड्या धरलेल्या असतात. दोघांनी एकमेकांकडून थोडे शिकले तर दोघांचीही तक्रार कमी होईल, असे माझे मत आहे.

पुण्यातले डोंगर

पुणेकरांना हे सोपे जाते, कारण वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती ही त्यांच्या घराशेजारीच आहेत. सुटीच्या दिवशी मंडळी सिंहगडाला जातात. आतकरवाडीच्या पायवाटेने गड चढायचा आणि पळत उतरायचा. त्याच्या पुढची पायरी म्हणजे सिंहगड, राजगड, तोरणा या तीन किल्ल्यांची शर्यत. हिच्यात 11 किलोमीटरपासून 100 किलोमीटरपर्यंतचे पल्ले असतात. तोरणा 1403 मीटर उंच. तिथले कडे, घसरडा मुरूम आणि कारवीचे रान ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही शर्यत म्हणजे काय ते कळेल. साताऱ्याची हिल मॅरेथॉनही प्रसिद्ध आहे. 2012 पासून ती होते, पण तो यवतेश्वरचा घाट डांबरी आहे. चढ आहे, पायवाट नाही. शरीराच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

काळी लघवी

मुरुडचाच एक मुलगा, आता वय चव्वेचाळीस, पुण्याला नोकरी करतो. रोज सकाळी सपाट रस्त्यावर आठ किलोमीटर पळणारा. तेवढ्या बळावर त्याने डोंगरातल्या 25 किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातले. चढ उत्तम पार पडला. उतारावर मांड्या थरथरू लागल्या, तेव्हा खिशातली वेदनाशामक गोळी घेतली, पुढे आणखी एक. ऊन होते, पाणी कमी पडले. दुसऱ्या दिवशी रात्री त्याचा मला फोन. ‘काका, लघवी काळ्या चहासारखी होतीय.’ मी त्याला सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात जायला सांगितले. चार दिवस सलाईन चालले, मूत्रपिंडे वाचली.

झाले काय होते? चढताना मांडीचा स्नायू आखडून जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचा भार रोखून धरतो, म्हणजे ब्रेक लावतो. हे ब्रेकचे काम स्नायूंच्या तंतूंना फार जड जाते. तंतू तुटतात आणि त्यांतले मायोग्लोबिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते. थोडे असेल तर फक्त दोन-तीन दिवस मांड्या दुखतात. फार झाले तर ते मूत्रपिंडावर घाला घालते. त्यात शरीरात पाणी कमी आणि वर वेदनाशामक गोळी, म्हणजे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही घटला. म्हणून पळताना वेदनाशामक गोळी नको, हे मी प्रत्येकाला बजावून सांगतो. पळाल्यानंतर लघवी काळपट-तांबूस झाली, तर ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा पीत बसू नये.

निसर्गाने याला एक उपायही देऊन ठेवला आहे. थोडासा उतार पळून मांड्या एकदा दुखल्या की स्नायू शहाणा होतो. पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने त्याला फारशी इजा होत नाही. म्हणून उताराची सवय थोडी थोडी करावी. पहिल्या दिवशी पाच मिनिटे पुरेत. पावले आखूड आणि भरभर टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला असावा, अंग मागे झोकू नये. चढावर पळण्याचा हट्ट नको. शर्यती जिंकणारेही तीव्र चढ चालतच चढतात. चढताना सोबत्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला.

मग भरतीच्या पोराला डोंगराचा काय उपयोग? डांबरावर प्रत्येक पाऊल सारखेच पडते. तोच धक्का, त्याच हाडावर, हजारो वेळा. पायवाटेवर प्रत्येक पाऊल वेगळे पडते, भार वाटला जातो, घोट्याभोवतीचे बारीक स्नायू बळकट होतात. चढावर आदळ कमी आणि हृदयाला, फुप्फुसांना काम जास्त. आठवड्यातून एक-दोन दिवस तरी डांबर सोडावे. मात्र नडगीच्या एकाच ठिकाणी बोटाने दाबून दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. अशा वेळी पळणे बंद आणि डॉक्टरकडे. भरती तोंडावर आहे म्हणून तसेच पळणारी मुले पुढे पूर्ण हाड मोडून घेतात. सुरुवातीच्या क्ष-किरण चित्रात ही चीर पुष्कळदा दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

‘गुडघे झिजतील ना?’

हा प्रश्न पळणारा विचारत नाही, त्याचे वडील विचारतात. 2017 साली अनेक अभ्यास एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. हौसेने पळणाऱ्यांत गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण 3.5 टक्के, बैठ्या लोकांत 10.2 टक्के आणि स्पर्धेसाठी व्यावसायिक पातळीवर पळणाऱ्यांत 13.3 टक्के निघाले. म्हणजे बेताने पळणाऱ्याचा गुडघा दुकानात गादीवर बसणाऱ्यापेक्षा बरा. वजन फार असेल, तर मात्र आधी काही महिने चालावे.

आपल्याकडे डोंगर कुठे?

आहे की. आपण बालाघाटाच्या पठारावरच राहतो, फक्त मुरुडच्या आसपास काळे सपाट रान असल्याने ते जाणवत नाही. येडशीचा रामलिंग घाट फार दूर नाही. तो अभयारण्याचा भाग आहे, तेव्हा तिथे वन खात्याचे नियम पाळूनच जावे, अंधारात पळू नये. औसा तालुक्यात खरोशाची लेण्यांची टेकडी आहे, उदगीरकडे हत्तीबेट आहे. या जागा महिन्यातून एखाद्या रविवारी जाण्याच्या. रोजच्यासाठी गावाजवळच्या पाझर तलावाचा भराव पुरेसा आहे. तिरके चढून जावे, सावकाश उतरावे, दहा फेऱ्या. वर्गणी नाही, फी नाही. काळ्या रानात पावसाळ्यात जाऊ नये, बुटाला मणभर चिखल चिकटतो आणि घोटा मुरगळतो.

शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज सहा किलोमीटर जात असे. तो पुढे सैन्यात गेला, 3000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक घेतले आणि 2023 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. राष्ट्रकुलमध्ये पहिला क्रमांक हुकला तो अवघ्या शेकड्यातल्या पाच सेकंदांशाने. पायवाटेने शाळेत जाणारी मुले आपल्याकडे अजून आहेत, हे सांगण्यासाठी हा उल्लेख केला.

मुलींसाठी दोन शब्द. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आहे, असे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. पळताना लवकर दम लागतो म्हणून मुलगी स्वतःला कमकुवत समजते आणि आणखी पळते. आधी हिमोग्लोबिन तपासावे. सराव सुरू झाल्यावर पाळी लांबली किंवा थांबली, तर खाणे कमी पडते आहे असे समजावे. हाडे ठिसूळ होण्याची ती सुरुवात असते. आईने हे विचारले पाहिजे, मुलगी आपणहून सांगत नाही. भाकरी, डाळ, शेंगदाणे-गूळ पोटभर हवे.

चाळिशीच्या पुढच्यांनी, आणि मधुमेह, रक्तदाब किंवा घरात कमी वयात हृदयविकार असेल त्यांनी त्याआधीही, रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख काढून मगच चढाला हात घालावा. चढताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर तिथेच बसावे. त्याला गॅस म्हणू नये.

ऊन आणि गारठा

मार्चपासून पावसापर्यंत सात वाजता घरी परत. उन्हात शरीर रुळायला दहा ते चौदा दिवस लागतात. पुण्याहून आलेल्याने गावच्या मे महिन्यात पहिल्याच दिवशी डोंगर गाठू नये. पळणारा बरळू लागला, झोकांड्या देऊ लागला, तर तो उष्माघात. घाम येत असला तरीही. आधी सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला, मग 108 ला फोन करा. सोबत कोणी असेल तर दोन्ही एकदमच. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नका. तासापेक्षा जास्त पळायचे तर मीठ-साखर-लिंबाचे पाणी घ्यावे. नुसते पाणी तहान नसताना लिटरच्या लिटर पिणेही वाईट, त्याने रक्तातले मीठ पातळ होऊन झटके येतात.

गारठ्याचे भय आपल्याला वाटत नाही. पण 22 मे 2021 रोजी चीनच्या गान्सू प्रांतात डोंगरातल्या 100 किलोमीटरच्या शर्यतीत अचानक वारा, पाऊस, गारा सुरू झाल्या आणि थंडीने 21 धावपटू मरण पावले. अंगात पातळ कपडे होते. सह्याद्रीत जुलैत जाणाऱ्याने पाऊस अडवणारा एक हलका कोट, शिट्टी आणि भरलेला मोबाईल घेतल्याशिवाय निघू नये, आणि एकट्याने तर मुळीच नाही.

राहिला साप. दगडाळ माळावर फुरसे, गवतात घोणस. पायवाटेवर पुढचे चार हात स्वच्छ दिसेल एवढ्या उजेडातच पळावे, कानांत गाणी घालू नयेत, दगडाच्या कपारीत हात टाकून चढू नये. दंश झालाच तर दोरी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, पळत दवाखान्यात येऊ नका. पाय लाकडी फळीला सैलसर बांधून हलू देऊ नका आणि उचलून आणा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरही एकच लस चालते, साप मारून आणण्यात वेळ घालवण्याची गरज नाही.