कॉफी मशीन गळतंय? आधी गळती शोधा, मग खिशात हात घाला

व्हिडिओत हात भराभर चालतात, म्हणून तीच गोष्ट इथे सावकाश, क्रमाने लिहितो.

घरगुती कॉफी मशीनवर छोटा काउंटर सुरू करणारे बरेच जण आहेत. मीही दुकानात तसंच सुरू केलं होतं. एक दिवस कॉफी काढताना हँडलच्या कडेने पाणी यायला लागलं. पंप गेला असं मी मनानेच ठरवलं आणि नव्या मशीनचे भाव बघत बसलो. चार दिवस कॉफी बंद. शेवटी निघालं काय, तर कडक झालेली एक रबर रिंग!

आता हिशोब करा. समजा, कपामागे १० रुपये सुटतात आणि दिवसाला ४० कप जातात. चार दिवसांचे १६०० रुपये गेले. रोजचं गिऱ्हाईक समोरच्या टपरीवर गेलं, ते वेगळंच.

गळती कुठली, ते ओळखा

आधी प्लग काढा. मशीन पूर्ण थंड होऊ द्या. वाफ कोंडलेली असताना हँडल फिरवू नका, गरम पाणी अंगावर उडतं.

मग खालचा ट्रे बघा. तो भरून वाहत असेल तर ती गळती नाहीच. बऱ्याच मशीन कप भरल्यावर उरलेलं पाणी ट्रेमध्येच सोडतात. ट्रे रिकामा करा, मशीन कोरडं पुसा, खाली वर्तमानपत्र अंथरा आणि टाकी भरा.

१. मशीन चालू न करताच दहा मिनिटांत कागद ओला झाला, तर दोष टाकीत किंवा तिच्या तळाच्या झडपेत आहे. टाकी काढून पुन्हा नीट बसवा. झडपेत क्षाराचा कण अडकला असेल तर धुऊन काढा.

२. कॉफी काढताना हँडलच्या कडेने पाणी येतंय? मग वरची रबर रिंग, म्हणजे गॅसकेट बघा. हँडल पूर्वी जिथे घट्ट बसायचं, त्याच्या पुढे फिरत असेल तर रिंग झिजली समजा. पण आधी कडेला चिकटलेली कॉफी पुसून बघा. पावडर फार बारीक किंवा जास्त भरली तरी पाणी कडेनेच बाहेर येतं.

३. टाकी आणि कड कोरडी, पण मशीन चालू केल्यावर तळातून पाणी येतंय? आतली नळी किंवा जोड सुटलेला असतो. लगेच प्लग काढा आणि मेकॅनिकला दाखवा. आत हिटर आणि वायरिंग आहे, तिथे प्रयोग नको. काउंटरच्या सॉकेटला अर्थिंग आहे का, तेही तपासून घ्या.

नवी रिंग मॉडेल नंबर सांगून मागवा. नाहीच मिळाली तर जुनी सोबत न्या. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी तिन्ही जुळली पाहिजेत. एम-सील, फेविक्विक अजिबात लावू नका. त्या वाटेचं गरम पाणी गिऱ्हाइकाच्या पोटात जातं.

खरं कारण पाण्यात

आपल्या उदगीर भागात बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. जड पाणी तापलं की त्यातला चुना वेगळा होऊन चिकटतो. बादलीतल्या हिटरच्या कॉइलवर जो पांढरा थर दिसतो, तोच मशीनच्या आत बसतो. झडप नीट मिटत नाही, नळी अरुंद होते, दाब वाढतो आणि पाणी कमजोर जोडातून वाट काढतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे प्यायला चालणारं पाणीसुद्धा मशीनला जड जाऊ शकतं.

म्हणून फिल्टरचं पाणी वापरा. महिन्यातून एकदा लिटरभर पाण्यात २० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून अर्धं मशीनमधून काढा, पंधरा मिनिटं थांबा, मग उरलेलं काढा. शेवटी दोन टाक्या साधं पाणी. मशीनच्या पुस्तकात वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा.

धंदा थांबू देऊ नका

वॉरंटी कार्ड आजच वाचा. बऱ्याच घरगुती मशीनच्या वॉरंटीत धंद्यासाठीचा वापर बसत नाही. हे विकत घेण्याआधी कळलं तर ठीक, बिघाडाच्या दिवशी कळलं तर नुकसान.

एक जादा रिंग गल्ल्यात ठेवा. मॉडेल नंबर आणि शेवटच्या सफाईची तारीख वहीत लिहा. आणि स्टीलचा एक कॉफी फिल्टर घेऊन ठेवा. बिदर आपल्यापासून काही लांब नाही, डिकॉक्शनची कॉफी आपल्या गिऱ्हाइकाला नवी नाही. मशीन बंद पडलं तरी काउंटर चालू राहतो.

मशीन गळणारच, आज ना उद्या. त्या दिवशी तुमच्याकडे रिंग आहे की फक्त टेन्शन, एवढंच तुमच्या हातात आहे. भेटू पुढच्या व्हिडिओत.