मराठवाड्याचं मनोरुग्णालय

वाळूज एमआयडीसीत १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि बघता बघता शेजारच्या बजाजनगर, पंढरपूर, रांजणगाव शेणपुंजीतल्या भाड्याच्या खोल्या गावोगावच्या कामगारांनी भरल्या. अशा एखाद्या खोलीत कुणाचं डोकं बिथरलं, तो कुणाला आवरेना, की शेजारी आधी पोलिसांना फोन लावतात. (बहुतेक मनोरुग्ण कुणाच्या अंगावर जात नाहीत, हे सांगून ठेवलेलं बरं.) २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा पोलिसांना बजावतो : चोवीस तासांत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्या, लॉकअपमध्ये डांबू नका. इथे जवळची म्हणजे शहरातलं घाटी रुग्णालय. तिथे मनोविकार विभाग आहे, तपासणी होते, औषधं सुरू होतात. पण बंदिस्त वॉर्डात दीर्घकाळ ठेवायची वेळ आली, तर सगळ्यात जवळचं प्रादेशिक मनोरुग्णालय येरवड्याचं, सव्वादोनशे किलोमीटरवर.

राज्यात अशी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार : नागपूर १८६४चं, रत्नागिरी १८८६चं, ठाणे १९०१चं, येरवडा १९१५पासूनचं. चारही मिळून मंजूर खाटा ५,६९५. त्यातल्या २,५४० एकट्या येरवड्यात. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत एकही नाही.

पूर्वी होतं, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. निजामाच्या राज्याचं मनोरुग्णालय जालन्यात होतं. १९५३ साली ते हैदराबादच्या एर्रगड्डा भागात हलवलं गेलं, आणि तीनच वर्षांनी मराठवाडा हैदराबाद राज्यातून बाहेर पडला. रुग्णालय तिकडे, माणसं इकडे! आता त्याच जालन्यासाठी राज्य सरकारने ३६५ खाटांचं प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर केलं आहे. वाळूजहून ते दोन तासांच्या आत.

इमारतीला पैसा मिळतो. कोनशिला बसवता येते, फीत कापता येते. पण बंदिस्त वॉर्ड भिंतीवर चालत नाही. तिथे गळफास अडकेल असा हूक नको, पायजम्याला नाडी नको, जेवणानंतर चमचे मोजून परत घ्यायचे, गोळी गिळली की गालात दाबली ते तोंड उघडायला लावून बघायचं. रुग्णाला साखळदंड घालायला कायद्याची बंदी आहे. त्यामुळे खवळलेल्याला बोलून, धरून, शांत करणारे हात लागतात, तेही तिन्ही पाळ्यांत. म्हणजे खर्च मुख्यतः पगाराचा, आणि तो दर महिन्याला. मनोविकारतज्ज्ञ, परिचारिका, परिचर यांची पदं कागदावर मंजूर आणि वॉर्डात रिकामी, असं असेल तर कुलूपच राखण करतं. मला विचाराल तर सुरक्षेचा निधी मोजायचा तो इथे.

पैसा गळतो तो खाटेतूनही. बरा झालेला माणूस घरचे नेत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं आत राहतो आणि त्याच्या खाटेचा खर्च सरकार भरत राहतं. निवारागृहं पुरेशी उभारायची सोडून महाराष्ट्राने अशांना भिक्षेकरी गृहात, वृद्धाश्रमात धाडलं, तेव्हा २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवायला सांगितलं.

आणि ज्याला घरचे नेतात, त्याला पुढे नेमाने गोळ्या लागतात. वाळूजच्या कंत्राटी कामगाराला त्यासाठी शहरात जायचं तर एका दिवसाची हाजरी बुडते. एक-दोनदा तो जातो. तिसऱ्यांदा पाळी चुकवायची की गोळी, याचा हिशेब ठेकेदाराकडे बघून होतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पैशातून त्या गोळ्या वाळूजच्याच सरकारी दवाखान्यात, संध्याकाळच्या ओपीडीत मिळाल्या, तर जालन्यातल्या काही खाटा आपोआप मोकळ्या राहतील.