वायर काढली म्हणजे कनेक्शन बंद झालं नाही

घर सोडताना वीजबिल, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स सगळं आठवतं. ब्रॉडबँडचा राउटर मात्र नुसता पिशवीत टाकला जातो. पोस्टपेड जोडणीचं मासिक भाडं खातं चालू असेपर्यंत लागतच राहतं, मग घरात कुणी असो वा नसो. ‘बिल भरलं नाही की आपोआप बंद होईल,’ असं अनेकजण म्हणतात. सेवा थांबते हे खरं, पण थकबाकी आणि परत न केलेल्या राउटरची रक्कम तुमच्याच नावावर राहते. म्हणून बंद करण्याचा अर्ज लेखी द्यावा, तक्रार किंवा विनंती क्रमांक घ्यावा आणि राउटर, ओएनटी (फायबरची वायर जोडलेली पेटी), अॅडॉप्टर परत करताना त्यावरच्या सिरीयल नंबरसह पोच घ्यावी. पुढे वाद झालाच तर ही चिठ्ठीच कामी येते.

मग बंद करण्यापेक्षा नव्या पत्त्यावर हलवणं सोपं नाही का? त्याच शहरात, त्याच कंपनीची फायबर नव्या इमारतीत असेल तर जरूर; आधी तेवढी खात्री करावी. पुण्याहून नाशिकला जाणाऱ्याचा ब्रॉडबँडसोबतचा लँडलाइन नंबर मात्र सोबत येत नाही, कारण ०२० आणि ०२५३ हे कोड गावाला बांधलेले आहेत आणि पोर्टेबिलिटी आपल्याकडे फक्त मोबाइलला आहे. तेव्हा बँकेत तो नंबर दिला असेल तर आधी बदला. कंपनीकडे भरलेली अनामत परत मिळण्यात अडली, तर कंपनीच्या तक्रार केंद्रानंतर तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.