अँथनी जॉन्सन : ‘पहिला गुलाममालक’ हा शिक्का कागदांवर टिकत नाही

अमेरिकेतल्या गुलामगिरीचा विषय निघाला की हल्ली कोणीतरी एक फॉरवर्ड पुढे करतं. मजकूर ठरलेला असतो. ‘अमेरिकेतला पहिला गुलाममालक गोरा नव्हता, काळा होता. त्याचं नाव अँथनी जॉन्सन. १६५५ मध्ये कोर्टात जाऊन त्यानेच गुलामगिरी कायदेशीर करून घेतली.’ सोबत एका काळ्या गृहस्थाचा फोटो आणि खाली शेरा : हे तुम्हाला शाळेत कोणी शिकवणार नाही. मराठी ग्रुपांवरही हा मजकूर फिरतो. शिकलेसवरलेले, मुलं-नातवंडं अमेरिकेत असलेले लोक तो पाठवतात आणि कोणी शंका काढली तर ‘अहो, कोर्टाचा कागद आहे’ म्हणून गप्प करतात.

कागद आहेच. एक नाही, बरेच आहेत. ते सगळे एका रांगेत लावून वाचले की फॉरवर्डमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कोसळतं. म्हणून कागदांपासूनच सुरुवात करू.

फोटोचा निकाल आधी लावतो. छायाचित्रणाचं तंत्र जगापुढे आलं १८३९ मध्ये. अँथनी जॉन्सन वारला १६७० मध्ये. त्याचा फोटो असणं शक्यच नाही.

आता माणूस. १६२५च्या सुरुवातीला व्हर्जिनिया वसाहतीत घरोघरी जाऊन माणसांची मोजदाद झाली. कोण, कुठल्या जहाजाने, कधी आला, असं त्या यादीत लिहिलेलं आहे. बेनेट नावाच्या व्यापाऱ्याच्या मळ्यावर ‘अँटोनिओ, निग्रो’ अशी नोंद सापडते. जहाज ‘जेम्स’, साल १६२१. त्याच मळ्यावर ‘मेरी’ नावाची एक निग्रो बाई १६२२ मध्ये दुसऱ्या जहाजाने आलेली दिसते. मार्च १६२२ मध्ये पॉवहॅटन या मूळनिवासी लोकांनी इंग्रजांच्या वसाहतींवर हल्ला केला आणि साडेतीनशेच्या आसपास वसाहतवाले मारले. बेनेटचा मळाही त्या तडाख्यात सापडला. त्यातून हा अँटोनिओ वाचला.

त्यानंतर बरीच वर्षं कागद मुके आहेत. पुढे चेसापीक उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नॉर्दॅम्प्टन काउंटीत अँथनी जॉन्सन आणि त्याची बायको मेरी दिसू लागतात : स्वतंत्र, गुरंढोरं बाळगणारे, मुलाबाळांचे. १६२५चा अँटोनिओ आणि हा अँथनी जॉन्सन एकच, हे कशावरून? नाव जुळलं एवढ्यावरून मुळीच नाही. १६५३च्या सुरुवातीला या कुटुंबाचं आगीत मोठं नुकसान झालं. त्यांनी काउंटी कोर्टाकडे सवलत मागितली. तेव्हा कोर्टाने लिहून ठेवलं की हे नवरा-बायको तीस वर्षांहून अधिक काळ व्हर्जिनियात राहत आहेत आणि कष्टाळू म्हणून ओळखले जातात. १६५३ मधून तीस वजा केले की आपण १६२३च्या मागे जातो. त्या काळी व्हर्जिनियात आफ्रिकी माणसं पन्नाससुद्धा नव्हती, आणि त्यांत अँटोनिओ-मेरी अशी जोडी एकाच मळ्यावर. वंशावळीचा धागा असा जुळवायचा असतो : नाव, वय, बायको, ठिकाण आणि काळ, सगळं एकमेकांना धरून आहे का ते बघत.

कोर्टाने त्या अर्जावर काय दिलं, तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. मेरी आणि तिच्या दोन मुलींना जन्मभर डोईकर माफ. १६४३च्या कायद्याने आफ्रिकी बायकांवर हा कर बसवला होता, गोऱ्या बायकांवर नव्हता. म्हणजे वंशावरून भेद करणारा कायदा तेव्हाच अस्तित्वात होता आणि एका काळ्या कुटुंबाला त्यातून सूट मिळवण्यासाठी कोर्टाचं दार ठोठावावं लागत होतं. जॉन्सनने गुलामगिरीचा पाया घातला असं म्हणणाऱ्यांनी निदान हे एवढं तरी वाचावं.

आता तो गाजलेला खटला. जॉन्सनच्या शेतावर जॉन कॅसर नावाचा काळा नोकर होता. नोव्हेंबर १६५४ मध्ये कॅप्टन सॅम्युएल गोल्डस्मिथ हा गोरा गृहस्थ तंबाखूच्या कामासाठी जॉन्सनकडे गेला. कॅसरने त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं : मी सात-आठ वर्षांच्या कराराने आलो, जॉन्सनने मला त्यावर सात वर्षं जास्त राबवलं. जॉन्सनचं म्हणणं, करार मी पाहिलेलाच नाही, हा माझ्याकडे जन्मभरासाठी आहे. शेजारच्या रॉबर्ट आणि जॉर्ज पार्कर या गोऱ्या भावांनी कॅसरची बाजू घेतली. जॉन्सनच्या बायको-मुलांनी आणि जावयाने त्याला समजावलं, त्याने कॅसरला मोकळं केलं आणि कॅसर रॉबर्ट पार्करकडे कामाला लागला. मग जॉन्सनचं मन फिरलं आणि तो कोर्टात गेला. मार्च १६५५ मध्ये कोर्टाने निकाल दिला : पार्करने कॅसरला अन्यायाने ठेवून घेतलं आहे, कॅसरने ताबडतोब आपल्या मालकाच्या सेवेत परत जावं, खटल्याचा खर्च पार्करने भरावा.

हा आदेश नीट बघा. त्यात ‘गुलाम’ हा शब्द नाही. ‘जन्मभर’ हाही नाही. जॉन्सनची तक्रार नोंदवताना कोर्टाने कॅसरला ‘नोकर’ म्हटलं आहे. ‘जन्मभर’ येतं ते गोल्डस्मिथच्या जबानीत, तेही जॉन्सनचं म्हणणं म्हणून. कोर्टाने कॅसरला परत धाडलं तेव्हा जॉन्सनचा दावा व्यवहारात मान्य झाला, हे खरं. दिवाणी दाव्यातून एखाद्याला आजन्म दास्यात ढकलल्याचं हे ज्ञात असलेलं फार जुनं उदाहरण आहे, असं इतिहासकार म्हणतात, आणि त्याला आधार आहे. पण ‘दिवाणी दाव्यातलं जुनं उदाहरण’ कुठे आणि ‘अमेरिकेतला पहिला गुलाममालक’ कुठे! पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारली की इतिहास संपतो आणि खोटेपणा सुरू होतो.

पहिला नव्हता, याचे पुरावे त्याच वसाहतीच्या कागदांत पडलेले आहेत. १६१९ मध्ये पॉइंट कम्फर्टला पकडून आणलेले वीसेक आफ्रिकी उतरले आणि गव्हर्नर जॉर्ज यार्डली व व्यापारी अब्राहम पियर्सी यांनी त्यांना धान्याच्या बदल्यात घेतलं. यार्डलीच्या १६२७च्या मृत्युपत्रात नोकर आणि निग्रो यांची नोंद वेगवेगळी आहे. दोन्ही एकच असते तर दोनदा लिहायचं कारण नव्हतं. जुलै १६४० मध्ये तीन नोकर मेरीलँडला पळाले आणि पकडले गेले : एक डच, एक स्कॉटिश आणि जॉन पंच नावाचा निग्रो. दोघा गोऱ्यांची मुदत चार-चार वर्षांनी वाढली. पंचला आयुष्यभर सेवेची शिक्षा झाली. गुन्हा एक, कोर्ट एक, दिवस एक. हा निकाल वसाहतीच्या सर्वोच्च न्यायालयाचा, जॉन्सनच्या खटल्याच्या पंधरा वर्षं आधीचा. उत्तरेकडे बघायचं तर १६३८ मध्ये ‘डिझायर’ जहाजातून बॉस्टनला आफ्रिकी गुलाम आले आणि १६४१ मध्ये मॅसॅच्युसेट्सने आपल्या कायदेसंहितेत दास्याला जागा करून दिली. फ्लोरिडातल्या स्पॅनिश वसाहतींचा हिशेब तर सोळाव्या शतकात जातो.

आणि ‘कायदेशीर करून घेतली’? काउंटी कोर्ट दोन शेजाऱ्यांचं भांडण सोडवतं, वसाहतीचा कायदा करत नाही. कायदे केले व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने, म्हणजे गोऱ्या जमीनदारांनी. १६६२ : मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरेल. १६६७ : बाप्तिस्मा घेतला म्हणून गुलाम सुटणार नाही. १६७० : स्वतंत्र निग्रोंना आणि मूळनिवासी इंडियनांना ख्रिस्ती नोकर ठेवता येणार नाहीत. १७०५ : हे सगळं गोळा करून एक संहिता. यांतल्या १६७०च्या कायद्याचा रोख जॉन्सनसारख्यांवरच होता. ज्याच्यावर गुलामगिरीचं जनकत्व लादलं जातं, त्याच्यासारख्यांचे हात बांधण्यासाठी कायदा करावा लागला, ही वस्तुस्थिती आहे.

जॉन्सनचं शेवटचं प्रकरणही तेच सांगतं. १६६५च्या सुमारास तो कुटुंबासह आणि कॅसरसह मेरीलँडच्या सॉमरसेट काउंटीत गेला आणि तिथे ३०० एकर भाडेपट्ट्याने घेतली. शेताचं नाव ‘टोनीज व्हाइनयार्ड’. १६७० मध्ये तो वारला. त्याच ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातल्या ज्यूरीने ठरवलं की अँथनी जॉन्सन निग्रो होता, म्हणून परका होता, म्हणून त्याने मागे ठेवलेली जमीन सरकारजमा होऊ शकते. पंधरा वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावरच्या कोर्टाने त्याला गोऱ्या शेजाऱ्याविरुद्ध न्याय दिला होता. १६५५ची नोंद दाखवायची आणि १६७०ची दडवायची, याला अभ्यास म्हणत नाहीत. आपल्याकडे जमीन घेताना कोणी एका सातबाऱ्यावर विसंबत नाही, मागचे फेरफार काढून बघतोच. इथेही तेवढीच काळजी पुरे.

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे आणि तो मला तितकाच खटकतो : जॉन्सन हा नुसता भला शेतकरी होता, कॅसरचा मालक वगैरे काही नव्हता. असं नाही. कॅसरने स्वातंत्र्य मागितलं, ते मिळालं आणि जॉन्सनने कोर्टात जाऊन ते परत हिरावलं. स्वतः गुलामीतून आलेल्या माणसाने हे केलं. हे बोचतं, पण कागद तेच म्हणतात. त्याला खलनायक करायची गरज नाही तशी संत करायचीही नाही. या कुटुंबावर सविस्तर वाचायचं असेल तर टी. एच. ब्रीन आणि स्टीफन इनेस यांचं ‘माइन ओन ग्राउंड’ (१९८०) हे छोटं पुस्तक वाचा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘त्याच्याकडे पाच गोरे गुलाम होते.’ हे काढलं जातं १६५१च्या २५० एकरांच्या जमीनपट्ट्यावरून, ज्यात पाच नावं आहेत. व्हर्जिनियात एक माणूस वसाहतीत आणण्याच्या खर्चापोटी ५० एकर मिळत. पाच नावांचे २५०. पण हा हक्क विकला जाई, विकत घेतला जाई. यादीतला माणूस अर्जदाराच्या घरी राबत होता असं त्यावरून सिद्ध होत नाही. पाचांपैकी एक नाव रिचर्ड जॉन्सन आहे, आणि अँथनीच्या एका मुलाचं नाव रिचर्डच होतं.

‘कोणी १६५४ म्हणतं, कोणी १६५५, म्हणजे खटलाच बनावट.’ इंग्रजांच्या राज्यात १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. ८ मार्चचा निकाल त्यांच्या वहीत १६५४चा, आपल्या हिशेबाने १६५५चा. जानेवारी ते मार्चमधली प्रत्येक जुनी तारीख अशी तपासूनच घ्यावी.

‘नाव एक म्हणजे माणूस एक.’ त्याच काउंटीत अँथनी लाँगो नावाचा दुसरा स्वतंत्र काळा माणूस होता. नुसतं ‘अँथनी, निग्रो’ एवढंच लिहिलेली नोंद कोणाची, हे संदर्भाशिवाय ठरवू नये.

‘आडनाव जॉन्सन म्हणजे त्याचेच वंशज.’ जॉन्सन हे इंग्रजांतलं अतिशय सर्रास आडनाव आहे. आडनावावरून कूळ लागत नाही.

‘स्पेलिंग वेगळं म्हणजे माणूस वेगळा.’ सतराव्या शतकातला कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहायचा. कॅसरचं नाव तर तऱ्हेतऱ्हेने लिहिलेलं सापडतं.

‘जुने कागद सगळे जळाले.’ व्हर्जिनियातल्या अनेक काउंट्यांचे जळाले, विशेषतः यादवी युद्धात. पण नॉर्दॅम्प्टनची कोर्टदप्तरं १६३२ पासून अखंड आहेत. म्हणूनच तर हे कुटुंब आपल्याला इतकं जवळून दिसतं.

‘१६७०च्या निकालाने घराणं मातीला मिळालं.’ नाही. नातू जॉन जॉन्सनने १६७७ मध्ये सॉमरसेट काउंटीत ४४ एकर जमीन घेतली आणि तिचं नाव ठेवलं ‘अंगोला’.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘कोर्टाचा कागद आहे’ म्हटलं तर वाद घालू नका. तीन गोष्टी विचारा. कागदात नेमके शब्द काय आहेत? तो लिहिला कोणी आणि कशासाठी? त्याच माणसाबद्दल त्याच्या आधीचे आणि नंतरचे कागद काय म्हणतात? अँथनी जॉन्सनच्या बाबतीत तिन्ही उत्तरं मिळतात आणि ती एकाच दिशेने जातात : गुलामगिरी त्याच्या आधीपासून होती, ती कायद्यात बसवली दुसऱ्यांनी, आणि त्या कायद्यांनी शेवटी त्याच्यासारख्या जमीनमालकालाही परकं ठरवलं. एवढं समजल्यावर तो फॉरवर्ड पुढे पाठवायला कोणाचा हात धजावू नये.