हाकला, पण मारू नका : परसबागेतील पाखरांविषयी थोडेसे



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खते आणि खोडव्यातील पाचट यांविषयी लिहितो. या खेपेस विषय जरा निराळा आहे. तो आमच्या डोक्यात घातला एका वहिनींनी. थंडीत ऊसनोंदीची पाहणी करताना मौदा भागातील एका सभासदाच्या घरी आम्ही चहाला थांबलो होतो. वहिनी म्हणाल्या, "साहेब, उसाचं तर तुम्ही मोठं पाहता. पण ह्या पेरूचं काय करावं, ते सांगा न. राघू एक फळ पिकू देऊन नाही राहिले. साळुंक्या तिकडे टमाटरात बसल्या." पडवीत टोपलीभर ज्वारी भिजत घातलेली दिसली. सभासदभाऊंनी हळूच सांगितले की उसाला टाकायचे दाणेदार औषध तिच्यात कालवून ठेवायचे आहे.

आमचा चहा कपातच राहिला.

ते औषध राघू ओळखत नाही, की कोंबडी ओळखत नाही. अंगणात रांगणाऱ्या पोरालाही ओळखत नाही. मेलेले पाखरू मांजराने, कुत्र्याने खाल्ले तर विष तिथवर पोचते. शिवाय हा गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ सालचा. राघू, साळुंकी, बुलबुल यांना मारणे किंवा पकडणे त्यात मना आहे. राघू पिंजऱ्यात पाळणेसुद्धा. "कावळ्याला तर परवानगी आहे," असे कित्येकजण अजून सांगतात. कावळा पूर्वी उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होता खरा, पण २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच निघून गेली.

कायदा बाजूला ठेवला तरी उसाचा हिशेब राहतोच. तुमच्या प्लॉटमध्ये हुमणी आहे की नाही? जून महिन्यात पहिला पाऊस झाला की तिचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात. पुढे अळ्या मुळ्या खातात, ऊस वाळतो आणि हाताने ओढला तरी उपटून येतो. खोडवा मोडून नांगर घातला की तासामागे कोण चालते ते आठवा. बगळे, साळुंक्या, कावळे, कोतवाल! वर आलेली अळी ते मजुरी न घेता टिपतात. टमाटर फोडणारी साळुंकी तीच. ही आपली साळुंकी टोळ खाण्यासाठी १७६२ साली मॉरिशस बेटावर नेली होती, आणि १८८३ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या उसात किडी टिपण्यासाठी सोडली होती. परमुलखात जाऊन पुढे ती तिथल्या पाखरांना डोईजड झाली, तो भाग वेगळा. पण उसवाल्यांनी तिला मुद्दाम जहाजातून नेले, आणि आपण तिला घरी बसून विष घालायचे?

तेव्हा हाकलायचे कसे, ते पाहू.

पेरूला आमच्या मते पिशवीसारखा दुसरा उपाय नाही. फळ लिंबाएवढे झाले की जुन्या धोतराची किंवा पातळाची पिशवी चढवावी आणि देठाशी सैल गाठ मारावी. राघूपासून बचाव होतो आणि फळमाशीही अंडी घालू शकत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो व फळ सडते, म्हणून कापडच बरे. काम कंटाळ्याचे आहे, हे कबूल. पण घरच्या एका झाडाला दोन दुपारी पुरतात.

सांबार, मेथी, वाटाणा यांचे कोंब चिमण्या-साळुंक्या उपटतात. त्यावर आपल्याकडे फुकटचा इलाज आहे. बी टाकल्यावर पाचट पातळ पसरावे, उगवण दिसताच काढावे, आणि वर तुराट्या किंवा पऱ्हाट्या आडव्यातिडव्या घालाव्यात. पाखराला उतरायला जागा राहत नाही.

बुजगावण्याचा फार भरवसा धरू नये. आठ-पंधरा दिवसांत पाखरे त्याच्या डोक्यावर बसू लागतात. जागा आणि अंगातला सदरा बदलत राहिला तर थोडे दिवस जास्त चालते. त्यापेक्षा चकचकीत फीत बरी. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने रुपेरी अशी ही फीत १९८० च्या दशकात भारतातही पिकांवर तपासली गेली. वाफ्याच्या वर हातभर उंचीवर ती उत्तर-दक्षिण बांधावी आणि दोन-तीन पीळ द्यावेत. सकाळ-संध्याकाळचे ऊन तिच्यावर चमकते, वाऱ्याने ती गुणगुणते. राघूंची धाडही नेमकी सकाळी आणि दिवस मावळताना पडते. पीक धरायच्या सुमारासच फीत लावावी. वर्षभर लावून ठेवली तर तीही सवयीची होते.

उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. त्या दिवसांत साळुंकी टमाटर फोडते ती पुष्कळदा पाण्यासाठी, असा आमचा अनुभव आहे. वाफ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर सावलीत मातीचे उथळ भांडे भरून ठेवा आणि पाणी रोज बदला. नुकसान थांबत नाही, पण कमी पडते.

आता जाळीविषयी, कारण तिथे आम्ही स्वतः चुकलो आहोत. काही वर्षांपूर्वी नागपुरातल्या आमच्या घरी पेरूवर मासे धरायचे बारीक तंगूसचे जाळे टाकले. स्वस्तात मिळाले म्हणून खूष होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर त्यात राघू नव्हता. एक पिंगळा उलटा लटकत होता, पंख मोडलेला. रात्री उंदरावर झडप घालायला आला असावा. कात्रीने धागे कापून काढला, तोवर त्याचे डोळे मिटत आले होते. दुपारी गेला. उसाच्या फडात उंदीर काय करतो हे आम्ही सभासदांना बैठकीत सांगायचे, आणि उंदीर खाणाऱ्याला घरी असे लटकवायचे! त्या दिवशी घरात कोणी आमच्याशी धड बोलले नाही.

जाळी लावायचीच असेल तर जाड धाग्याची, पांढरी आणि करंगळी शिरणार नाही इतक्या बारीक भोकांची घ्यावी. बांबूच्या सांगाड्यावर ताणून बसवावी, झाडावर नुसती भिरकावू नये. खालची कड मातीत दाबावी, नाहीतर धामण अडकते. सकाळ-संध्याकाळ एक फेरी मारावी. टमाटरला अशी जाळी चालते, पण दोडके, कारली, भोपळा फुलावर असताना काढावी लागते, कारण मधमाशी आत गेली नाही तर फळ धरत नाही. एवढे करून पाखरू जखमी झालेच, तर नागपुरात सेमिनरी हिल्सवर वन विभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधार करून तिथे न्यावे. आम्हाला त्या वेळी हे सुचले नाही.

मौद्याच्या वहिनींनी ती ज्वारी, औषध कालवण्याआधीच, आमच्यासमोर कोंबड्यांना घातली. पुढच्या फेरीला गेलो तेव्हा झाडावर धोतराच्या पिशव्या लोंबत होत्या. "साठ शिवल्या, चार फाडल्या राघूनं," त्या म्हणाल्या. शेंड्यापर्यंत शिडी पुरली नव्हती, म्हणून तिथली फळे उघडीच राहिली होती. त्यांवर तीन राघू बसले होते.