दोन्ही चेक एकाच घरात

टीव्हीवर एका टेनिसपटूला 40,000 डॉलरचा चेक मिळताना रिचर्ड विल्यम्स यांनी पाहिलं आणि ठरवून टाकलं की आपल्या मुली टेनिस खेळणार. गंमत म्हणजे व्हीनस आणि सेरेना तेव्हा जन्मालाही आल्या नव्हत्या! त्यापायी आपण 78 पानांचा आराखडा लिहिला, असंही ते सांगतात. बापाच्या गोष्टीत थोडा मीठमसाला असेलही.

पुढचं मात्र कागदोपत्री आहे. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनच्या सार्वजनिक कोर्टांवर घडलेल्या व्हीनसशी रीबॉकने 1995 साली 1 कोटी 20 लाख डॉलरचा करार केला. मोठी स्पर्धा जिंकणं सोडाच, ती व्यावसायिक टेनिस जेमतेम खेळली होती. मग 2002 च्या फ्रेंच ओपनपासून सलग चार ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत या दोघीच समोरासमोर. चारही वेळा सेरेना जिंकली, पण विजेती आणि उपविजेती दोघींचे चेक गेले एकाच घरात.

मला त्याहून थक्क करते ती थोरलीने लढलेली एक लढाई. 2006 साली विम्बल्डनच्या पुरुष विजेत्याला 6,55,000 पौंड मिळाले, महिला विजेतीला 6,25,000. व्हीनसने या भेदावर लंडनच्या 'टाइम्स'मध्ये सडेतोड लेख लिहिला. पुढच्याच वर्षी बक्षीस समान झालं, 7 लाख पौंड, आणि ते जिंकलं व्हीनसनेच. त्यानंतर सेरेनाने विम्बल्डन पाच वेळा जिंकलं, बहिणीने वाढवून घेतलेल्या भावाने. भावंडांच्या कमाईचा हा हिशेब कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

सेरेनाचं पैशाशी नातं सुरुवातीला अगदीच भाबडं होतं. दहा लाख डॉलरचा पहिला चेक ती गाडीतूनच, बँकेच्या ड्राइव्ह-थ्रू खिडकीवर भरायला गेली. बँकवाल्यांनी सांगितलं, बाई, यासाठी आत यावं लागेल! व्हीनस तेवढ्यात पुढचा विचार करत होती: 2002 मध्ये इंटीरियर डिझाइनची कंपनी, 2007 मध्ये कपड्यांचा ब्रँड, 2015 मध्ये बिझनेसची पदवी. खेळावरचं लक्ष उडालंय, अशी टीका झालीच.

2009 मध्ये दोघींनी मायामी डॉल्फिन्स या अमेरिकन फुटबॉल संघात छोटा हिस्सा घेतला. इथे खेळाडूची मजुरी संपते आणि मालकी सुरू होते. सेरेनाची कारकिर्दीतली बक्षिसं सुमारे 9 कोटी 40 लाख डॉलर. 2022 मध्ये तिच्या 'सेरेना व्हेंचर्स' या गुंतवणूक कंपनीने स्टार्टअपसाठी उभारले 11 कोटी 10 लाख. हा पैसा अर्थात गुंतवणूकदारांचा. पण असा फंड चालवणाऱ्याला साधारणपणे शुल्क मिळतं आणि नफ्यात वाटाही. त्यासाठी गुडघे शाबूत लागत नाहीत.

व्हीनस मात्र 2025 च्या जुलैत, 45 व्या वर्षी, वॉशिंग्टनला पुन्हा कोर्टवर उतरली आणि एकेरीचा सामना जिंकलीही. परत का आलीस, असं विचारल्यावर हसत म्हणाली, आरोग्य विम्यासाठी!